वाकड्यांचा वाटा

डब्यातल्या एका गोळ्यावर दात उमटलेले होते. पॉलिशवाल्यानं डबा उघडला, खजुराचा वास घेतला, वरचाच एक गोळा उचलला आणि तोंडाजवळ नेलेला हात तिथंच थांबवून म्हणाला, "हा कोणीतरी आधीच चाखलाय." मग त्याला हसू आलं. "घरात उंदीर झालेत का हो? पण उंदीर असेल तर चांगला थोराड दिसतोय." एरवी मीही हसलो असतो. पॉलिशवाला वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आम्ही बनवलेल्या कवळ्या घासून लखलखीत करतो, आणि त्याची एखादी थट्टा कानावर पडल्याशिवाय आपण कामावर आलोय असं वाटत नाही. आज तर मी कितीतरी महिन्यांनी कामावर आलो होतो. डबाही त्यासाठीच आणला होता. सगळ्यांना एकेक देईन, म्हणेन, हे मी वळलेत, याच हातानं. म्हणजे हात कसा आहे ते वेगळं सांगत बसायला नको. मी त्याच्याकडून तो गोळा घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला. एका बाजूनं चेपलेला, दुसऱ्या बाजूला फुगलेला गोळा. आणि फुगलेल्या बाजूचा एक तुकडा तोडलेला.

मी जन्मभर दातांचे ठसे वाचत आलोय. लोक चेहऱ्यावरून माणूस ओळखतात, मी दातांवरून. रस्त्यात कोणी हसून नमस्कार केला की नाव आठवत नाही, पण खालची डावी दाढ आपण केली होती एवढं नक्की आठवतं. बायको म्हणते, तुमच्याशी बोलताना तोंड मिटून बोलावंसं वाटतं. तर त्या गोळ्यावर वरच्या दोन पटाशीच्या दातांचे रुंद, सरळ ठसे होते. आणि त्यांच्या शेजारी, डाव्या अंगाला, एक तिरका. शेजाऱ्याच्या खांद्यावर खांदा टेकवून उभं राहावं तसा थोडा पुढं आलेला, थोडा वळलेला. तो दात मी ओळखतो. ओळखायचा प्रश्नच नाही, कारण तो मीच लावलाय. माझ्या सासूबाईंच्या कवळीतला आहे तो.

आणि मग सकाळ आठवली. आजची सकाळ, दोन-तीन तासांपूर्वीची, पण वेगळ्याच उजेडात आठवली. मी डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आई ओट्यापाशी उभ्या होत्या. सासूबाईंना मी आईच म्हणतो. मी आत पाऊल टाकलं आणि डब्याचं झाकण खटकन लागलं. "डबा भरलात का आई?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "आज पहिला दिवस आहे माझा," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा मान हलवली. "आशीर्वाद तरी द्या." तर त्यांनी हात वर केला, आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. मलाही गहिवरलं, म्हणून मीच घाईनं बाहेर पडलो. अहो, ज्या बाईनं स्वतःच्या लग्नातसुद्धा मध्ये मध्ये सूचना दिल्या असं सांगतात, ती मान हलवून गप्प बसते तेव्हा समजायला नको का? खजूर कवळीला चिकटतो. टाळ्याला असा धरून ठेवतो की तोंड उघडायची सोय राहत नाही. हे आख्ख्या शहरात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तोंडात घास, हातात उष्टा गोळा, आणि जावई दारात. तेव्हा बाईंनी तो दिला टाकून समोरच्या उघड्या डब्यात.

इथवर सगळं हसण्यासारखंच होतं. पण मी उजेडात धरलेला तो गोळा फिरवला. हा गोळा वाकडा होता. माझा होता, यात शंका नव्हती; अंगठ्याकडची बाजू अशी फुगते ती माझ्याच आजारी अंगठ्यामुळं, त्या बाजूला दाब पोचत नाही म्हणून. एकाच गोळ्यावर आम्हा दोघांच्या सह्या होत्या. पण आजची घाईची सकाळ सोडली तर रोज सकाळी थाळीत मी जे गोळे बघत होतो, त्यात असा वाकडा कधीच नव्हता. सगळे गोल. ते गोल बघून मी फिजिओथेरपिस्टला सांगितलं होतं की हात आला. ते गोल बघून मी लॅबच्या मालकीणबाईंना फोन केला होता की सोमवारपासून येतो.

हात गेला ती सकाळ मला नीटशी आठवत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. एवढी मोठी गोष्ट, आणि मी दाढी करत होतो, ब्रश खाली पडला, उचलला, पुन्हा पडला. मेंदूतली कुठलीशी बारीक नळी थोडा वेळ बंद पडली, एवढंच डॉक्टर म्हणाले. थोडक्यात निभावलं म्हणाले. बोलणं नीट होतं, चालणं नीट होतं. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कुठंतरी निघून गेली होती. दिसायची जागच्या जागी, हलायचीसुद्धा, पण त्यांच्याकडून काही निरोप यायचा नाही. नेमकी तीच तीन. ज्यांत मी मेण कोरायची सुरी धरतो ती. देवानं निवड करताना माझ्या कामाची चौकशी करून ठेवली होती असं मला तेव्हा वाटायचं. घरी आल्यावर चार दिवसांतच मी गॅसवरचं तापलेलं पातेलं उचललं, शांतपणे ओट्यावर ठेवलं, आणि कसला वास येतोय म्हणून इकडेतिकडे बघायला लागलो. बोटांना फोड आलेले हिनं बघितले. त्या दिवसापासून माझ्या बायकोनं मला गॅसच्या बटणाला हात लावायची बंदी केली. तिनं आवाज चढवला नाही, फक्त बटणांकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे. ती शाळेत शिकवते, तिचं बोट पुरतं.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक तरतरीत मुलगी होती. वरच्या दातांत छान फट, ती तिनं भरून घेऊ नये असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं मला व्यायामाची हिरवी माती दिली. ही वळा, म्हणाली, रोज, निदान अर्धा तास. गोळे करा, मोडा, परत करा. "आणि डोळे मिटून करा बरं का. डोळे उघडे असले की तेच सगळं काम करतात आणि हाताला आळस चढतो." ती माती मला सहन होईना. जन्मभर मेणात काम केलेल्या माणसाला ते रबरासारखं थंड, बुळबुळीत, वास नसलेलं काहीतरी हातात घेऊन बसणं म्हणजे शिक्षा होती. शिवाय केलेलं मोडायचं. मी दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी ते हिरवं ढेकूळ खिडकीत ठेवून दिलं. तेव्हा आई त्यांच्या खुर्चीतून म्हणाल्या, "वळायचंच आहे तर खायचं काहीतरी वळा. माती वळून कोणाचं पोट भरलंय?"

"मला गॅसला हात लावू देत नाहीत, आई."

"गॅस लागतोय कशाला? खजूर काय शिजवून खातात?"

असं ते सुरू झालं. फिजिओथेरपिस्ट मुलीला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. म्हणाली, फार पौष्टिक, साखर नाही, तूप नाही, याला हल्ली बाइट्स म्हणतात. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "चावा कुत्र्याचा असतो. आपण गोळेच म्हणू." खजूर कोमट पाण्यात टाकायचा, मऊ झाला की दाबून बी काढायची. अंजीर, जर्दाळू चिरायचे ते बायको चिरून ठेवायची, कारण सुरीवरही माझा भरवसा नव्हता. बदाम आणि अक्रोड मिक्सरमध्ये भरडायचे, पीठ नाही करायचं. पीठ झालं की तेल सुटतं आणि गोळा बसतो. मग सगळं परातीत. चिमूटभर मीठ. "मीठ नसेल तर गोड कळत नाही," हे आईंचं. त्यांनी स्वतः कधी परातीत हात घातला नाही. समोरच्या खुर्चीवर बसून त्या सांगायच्या, आणि मी ओल्या तळहातावर मिश्रणाचा घास घेऊन, डोळे मिटून, वळायचो. वळला की डाव्या हाताकडच्या थाळीत ठेवायचो. सगळं संपलं की आई म्हणायच्या, "झालं. आता हात धुवा." मी धडपडत बेसिनशी जायचो, आणि तोवर त्या थाळी झाकून फ्रिजमध्ये ठेवून मोकळ्या. रात्रभर ते घट्ट व्हायचे. सकाळी मी थाळी काढायचो.

ती सकाळची थाळी म्हणजे माझा निकाल होता. ही उठायच्या आधी मी उठायचो, चहाच्याही आधी फ्रिज उघडायचो. सुरुवातीला थाळीत मोजकेच असायचे. मला वाटायचं, हात मंद आहे, एवढेच झाले असतील. किंवा बाकीचे बायको शाळेत नेत असेल. मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पण होते ते गोल होते. मी एकेक उचलून बघायचो, खिडकीत धरायचो, आणि मला काय वाटायचं ते सांगता येत नाही. शाळेत असताना गणितात पास झालो होतो तेव्हासुद्धा असं वाटलं नव्हतं. डोळे मिटून, न बघता, त्या मेलेल्या बोटांनी आपण हे केलं. म्हणजे बोटं मेलेली नाहीत. पुढं पुढं थाळी भरायला लागली. आणि एक दिवस वळता वळता अंगठ्याच्या टोकाला काहीतरी टोचलं. अक्रोडाचा कोपरा होता, भरडताना तसाच राहिलेला. मी वळायचं थांबलो. डोळे उघडले नाहीत, कारण उघडले तर ते जाईल अशी भीती वाटली. मग हळूच फिरवलं आणि ते पुन्हा टोचलं. "काय झालं?" आई म्हणाल्या. "टोचलं," मी म्हणालो. "मग रडताय कशाला, टोचलं तर चांगलंच आहे की," असं त्या म्हणाल्या. त्यानंतर अंजिराच्या बिया कळायला लागल्या, वाळूसारख्या, बारीक. बोटं एकेक निरोप धाडायला लागली होती.

पण टोचणं वेगळं आणि वळणं वेगळं. अक्रोडाचा कोपरा कळला म्हणून दात कोरता येत नाही. कोरता येईल असं मला वाटलं ते थाळीमुळं. आणि आता हातात हा वाकडा होता, म्हणजे थाळी खोटी होती. समोर बसून, मी आंधळ्यासारखा वळत असताना, आई माझे गोळे नीट करत होत्या. दुसरं काय? मी हात धुवायला गेलो की थाळी घ्यायच्या, एकेक उचलून सारखा करायच्या. मला शिकवणीतल्या पोराचं चित्र गुपचूप मास्तरांनी पूर्ण करावं तसं झालं. राग आला. लाज वाटली, आणि लाजेचा राग आला. म्हातारीनं दया दाखवली होती माझ्यावर, आणि त्या दयेच्या जोरावर मी इथं पांढरा कोट घालून आलो होतो. पॉलिशवाला म्हणाला, "अहो, बाकीचे तरी वाटा." मी डबा त्याच्याकडे सरकवला आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. वाकडा गोळा कोटाच्या खिशात टाकला.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्या स्वतः दातांच्या डॉक्टर, वडिलांमागं ही लॅब त्यांनी चालवली, आणि आमच्यापैकी कोणाच्याही कामात त्यांना चूक दिसली तर त्या ती हळू आवाजात सांगतात. त्यांनी माझ्यासमोर प्लास्टरचा एक साचा ठेवला. "बस चालवणाऱ्या बाईंची केस आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा दात तुटलाय. वरचा उजवा. मेणात करून दाखवा. घाई नाही, दुपारपर्यंत बसा." मग थोडं थांबल्या. "आणि आज नाही जमलं तर तसं सांगा. पुढच्या टेबलावर केसेस घ्यायला-द्यायला मला अनुभवी माणूस हवाच आहे. तुम्ही मला हवेच आहात, कुठंही." चांगल्या बाई आहेत. आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पुढच्या टेबलावर बसायचं म्हणजे आलेल्या साच्यांना चिठ्ठ्या लावायच्या, फोन घ्यायचे, आणि दिवसभर काचेतून दुसऱ्यांचे हात चालताना बघायचे. काम वाईट नाही. पण मी दातांचा माणूस आहे. मी कोण आहे असं मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तर मी नाव सांगायच्या आधी ते सांगेन. हा एक दात झाला तर हे टेबल माझं, नाही झाला तर ते.

मी साचा हातात घेऊन फिरवला. तुटलेल्या दाताची जागा मध्यभागी, आणि शेजारचा दात थोडा वळलेला. नव्या दाताला त्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं लागणार होतं. सरळच्या सरळ लावला तर सगळं तोंड खोटं दिसेल. विजेवर तापणारी सुरी सुरू केली, मेण घेतलं आणि पहिला थेंब लावला. थेंब भलतीकडे पडला. मी तो खरवडला. पुन्हा. सुरी अंगठ्यात होती, ती आहे हे मला कळत होतं, पण अंगठ्यावर माझा विश्वास उरला नव्हता, आणि विश्वास नसलेला अंगठा म्हणजे नुसतं मांस. मी सुरी ठेवली. नकळत खिशातला गोळा काढला आणि साच्याशेजारी ठेवला. त्यावर आईंचा तिरका दात.

त्या दाताची गोष्ट अशी की सासरे गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचे दात जवळजवळ संपले होते. ठसे घेतले, आणि कवळी साहजिकच माझ्याकडे आली. ही म्हणाली, आता आईला सुंदर सरळ दात बसवा. तो वाकडा तिला आयुष्यभर पुरला. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाकडा तसाच ठेवा." मी म्हटलं, सगळे सरळ करून मागतात. "मागू देत. जन्मभर वाकड्या दातानं हसले. आता सरळ हसून कोणाला फसवू? आणि वर गेल्यावर त्यांनी ओळखायला नको का मला?" मी त्यांचा तरुणपणचा फोटो टेबलावर लावला आणि बसलो. सरळ दात कोणीही लावतो. वाकडा लावणं कठीण. थोडा जास्त वळला की चूक दिसते, कमी वळला की आळस दिसतो. तो त्या माणसाचा वाटेल इतकाच वळायला हवा. पॉलिशवाला म्हणाला होता, अहो, हा तुमचा हात घसरलाय. कवळी बसवल्यावर आईंनी आरशात बघितलं, जिभेनं तो दात चाचपला, आणि म्हणाल्या, "आले परत." त्या दिवसापासून जावई म्हणून मी पास झालो असं मला वाटतं. त्याआधी नुसता परीक्षेला बसलेलो होतो.

आरसा बघताना त्यांनी तो दोन्ही तळहातांमध्ये धरला होता. हे मला आता आठवलं. बोटांनी त्यांना धरता येत नाही. संधिवातानं त्यांची बोटं केव्हाच वळली आहेत, दोन्ही हातांची, पेरांपाशी गाठी येऊन. पेला त्या तळव्यांत धरतात, ब्लाउजची बटणं लेक लावून देते, वर्तमानपत्राचं पान उलटायचं तर मनगट वापरतात. परातीत त्यांनी हात घातला नाही तो हुकूम सोडायच्या सवयीनं असं मी समजत होतो. त्यांना घालताच येत नव्हता. त्या बाईला खजुराचा चिकट घास हातात घेऊन गोल वळणं शक्य नाही. झाकलेली थाळी कोपरांत धरून फ्रिजपर्यंत नेणं, एवढंच शक्य आहे. आणि चिमटा जमतो. तर्जनी आणि अंगठ्याचा एक तेवढा चिमटा अजून शिल्लक आहे, त्यानं त्या चहात बुडवलेलं बिस्किट उचलतात.

मी उठलो, पाणी प्यालो, परत येऊन बसलो. मग गोल कोणी वळले? ही त्या वेळी मुलांच्या वह्या तपासत आतल्या खोलीत असते. घरात चौथं कोणी नाही. गोल मी वळले होते. माझे गोल माझेच होते. आईंनी एकही गोळा नीट केला नव्हता, त्यांनी फक्त वाकडे उचलून खाल्ले होते. रोज, मी डोळे मिटून वळत असेन किंवा पाठ वळवून हात धुवत असेन तेव्हा, चिमट्यानं एकेक वाकडा उचलून, कवळीला खजूर चिकटत असताना. आणि सुरुवातीला थाळीत मोजकेच असायचे ते का, हेही आता कळलं. केवढे खाल्ले असतील बाईनं. त्या काळात आईंना जेवण जात नव्हतं. ही काळजी करायची, ताटात सगळं तसंच राहतं म्हणून, डॉक्टरांना दाखवायचं म्हणत होती. आई म्हणायच्या, माझं पोट भरलंय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

आणि मग मागच्या आठवड्यातलं. मी साचा हातात घेऊन बसलो होतो आणि मला एकदम ते ऐकू आलं, त्यांच्या आवाजात, चहाच्या वेळचं. बशीतलं बिस्किट संपलं होतं आणि आई लेकीला म्हणाल्या होत्या, "हल्ली या घरात मला उपाशी ठेवतात बाई." ही म्हणाली, काहीतरीच काय आई, आता तर तू नीट जेवायला लागलीस. "जेवते, कारण दुसरं काही मिळत नाही," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या, तो तिरका दात दाखवून. मी त्या हसण्याचा अर्थ लावायच्या फंदात पडलो नाही. म्हातारपणी माणसं असं काहीबाही बोलतात असं धरलं. अहो, त्या मला निकाल सांगत होत्या. वाकडे मिळेनासे झाले होते त्यांना. कधीमधी एखादा, रात्री नजरेतून सुटून आज सकाळी सापडला तसा, बाकी उपास.

कृतज्ञता हा शब्द मला आवडत नाही, तो हारतुऱ्यांच्या कार्यक्रमातला आहे. पण त्या टेबलाशी बसून मला जे वाटलं त्याला मी दुसरा शब्द शोधत बसलो नाही. कोणीतरी आपली वाकडी बाजू रोज खाऊन टाकत होतं, आणि आपल्याला फक्त गोल दिसावं म्हणून तोंड मिटून बसत होतं; बोलल्याशिवाय ज्याला राहवत नाही असं कोणीतरी. जन्मभर मला वाटत आलं की मी लोकांना चावायला दात देतो, लोक मला काय देणार. आणि इथं मला माझा अंगठा परत मिळाला होता, आणि मी मघाशी त्याचाच राग मानून बसलो होतो. मला फार बरं वाटलं. इतकं की पॉलिशवाल्याच्या यंत्राचा तो किर्र आवाजसुद्धा घरचा वाटायला लागला.

मी सुरी उचलली आणि डोळे मिटले. पूर्ण नाही, मेणाच्या कामात तसं चालत नाही. पण थोडे, हाताला कळावं की आता त्यानं बघायचं आहे. थेंब लावला. तो जिथं जायचा तिथं गेला. दुसरा लावला. पातळ, कोमट मेण थराथरानं चढत गेलं आणि अंगठ्याला त्याचा काठ कळत गेला, अंजिराच्या बीसारखा बारीक, पण कळत गेला. मधूनच कळेनासा व्हायचा. मग मी थांबायचो, तो परत येईपर्यंत. शेजारच्या वळलेल्या दाताकडे बघून मी नवा दात किंचित त्याच्याकडे झुकवला. पॉलिशवाला दोनदा येऊन माझ्या मागं उभा राहून गेला, एकही थट्टा न करता; यावरून काय समजायचं ते मी समजलो.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर मालकीणबाई आल्या. त्यांनी साचा उचलला, खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बघितला, छोटा आरसा घेऊन मागची बाजू बघितली. "शेजारच्याला धरून वळवलाय?"

"हो."

"मागच्या काठाला जाड आहे. जिभेला लागेल त्यांच्या."

मी बोट लावून बघितलं. जाड होतं. अंगठ्याला ते कळलं नव्हतं. "तेवढं काढतो," मी म्हणालो.

"काढा. मग पुढं पाठवू." त्यांनी साचा माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची माया. दारातून म्हणाल्या, "उद्या एक दाढ आहे, सकाळी लवकर या." त्या गेल्यावर पॉलिशवाला म्हणाला, "गोळे चांगले झालेत हो. अजून आहेत का?" मी खिशात हात घातला, गोळा चाचपला आणि म्हणालो, नाहीत.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा परात टेबलावर तयार होती, खजूर भिजलेला होता, आणि आई समोरच्या खुर्चीवर. हिनं दारातच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उद्या दाढ आहे. तिनं माझा हात धरला, तोच उजवा, आणि थोडा वेळ धरून ठेवला. मग वह्या घेऊन आत गेली. आई म्हणाल्या, "हात धुतलेत का? मग बसा." जणू काही त्यांना कशाचंच काही नाही. मी बसलो, तळहात ओले केले आणि डोळे मिटले. पहिला वळला, तो गोल झाला हे मला हाताला कळलं. दुसराही. तिसरा. गेल्या कित्येक दिवसांपासून हे मला कळत असणार, पण मी हाताचं न ऐकता थाळीचं ऐकत होतो. थाळी भरत गेली. समोरच्या खुर्चीतून सूचना येणं हळूहळू बंद झालं. मग एक सुस्कारा ऐकू आला, लहान, उपाशी माणसाचा.

मग मी एक घास घेतला, गोल वळला, आणि अंगठ्यानं दाबला. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. जास्त चेपला तर खोटा दिसेल, कमी चेपला तर त्या उचलणार नाहीत. माझा वाटेल इतकाच वाकडा व्हायला हवा. मी एक बाजू थोडी फुगवली, त्या कवळीच्या दाताला जेवढं लक्ष दिलं होतं तेवढं लक्ष देऊन, आणि तो थाळीत सगळ्यांच्या वर ठेवला. डोळे मिटलेलेच होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खुर्ची करकरली. थाळी टेबलावर अगदी थोडी सरकली. मी पुढचा घास घेतला आणि वळत राहिलो.

"आज एक बिघडला तुमचा," बऱ्याच वेळानं आई म्हणाल्या. शब्द चिकट होते, एकेक सोडवून काढल्यासारखे.

"हो का?"

"चांगलाच बिघडला."

"रोज एखादा बिघडणार, आई," मी म्हणालो. "तेवढं चालवून घ्या."

परातीतल्या अक्रोडाचा एक कोपरा अंगठ्याला टोचला. मी डोळे उघडणार एवढ्यात त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या, "मिटलेलेच असू द्या अजून जरा." मी मिटलेलेच ठेवले.